रूप, लिंग आणि संकेत : मानवी सौंदर्याच्या उत्क्रांतिमीमांसेचे परीक्षण

१

चार्ल्स डार्विनच्या १८७१ सालच्या ग्रंथाचे शीर्षक दुहेरी आहे. त्याच्या पूर्वार्धात मानवाच्या वंशोत्पत्तीचा निर्देश आहे, तर उत्तरार्धात लिंगभेदाच्या संबंधात होणाऱ्या निवडीचा. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा वाद माजला तो मुख्यतः पूर्वार्धावरून. परंतु पृष्ठांचा हिशेब केला तर ग्रंथाचा अधिक भाग उत्तरार्धातील विषयानेच व्यापलेला आढळतो. कीटक, मासे, पक्षी, सस्तन प्राणी अशा क्रमाने वाचकाला नेत डार्विन अखेरीस मानवापाशी येतो आणि मानवी रूपाचा प्रश्न उपस्थित करतो. ज्या रूपाचा जीवनकलहात काहीच उपयोग दिसत नाही ते मुळात निर्माण का व्हावे आणि पिढ्यानपिढ्या टिकावे तरी का, असा तो प्रश्न आहे.

हा प्रश्न डार्विनला बरीच वर्षे छळत होता. १८५९ सालच्या ग्रंथात त्याने या निवडीचा उल्लेख थोडक्यात केला होता. पुढच्याच वर्षी एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञास लिहिलेल्या पत्रात मोराच्या पिसाकडे पाहिले की आपल्याला मळमळते, अशी कबुली त्याने दिली. मोराचा पिसारा उडताना अडथळा करतो, शत्रूच्या नजरेत भरतो आणि पोसायला महाग पडतो. नैसर्गिक निवडीच्या तत्त्वाने तो केव्हाच नाहीसा व्हायला हवा होता. डार्विनचे उत्तर असे की, लांडोर निवड करते. तिला जे रूप आवडते त्या रूपाच्या नराला संतती अधिक होते आणि तिच्या आवडीतूनच पिसारा पिढ्यानपिढ्या वाढत जातो.

येथे ‘निवड’ हा शब्द दोन भिन्न अर्थांनी आला आहे, ही गोष्ट मराठी अभ्यासकांच्या सहसा ध्यानात येत नाही. ‘नैसर्गिक निवड’ या पदात निवडणारा कोणीच नाही. क्रियापद आहे, कर्ता नाही. ते रूपकच आहे आणि ते रूपक आहे हे स्वतः डार्विनने पुढील आवृत्तीत स्पष्ट केले. ‘लैंगिक निवड’ या पदात मात्र, निदान तिच्या एका प्रकारात, कर्ता खराखुरा आहे. त्याला डोळे आहेत, कान आहेत आणि आवडनिवड आहे. एकच शब्द एका ठिकाणी लाक्षणिक आणि दुसऱ्या ठिकाणी वाच्यार्थाने वापरला गेल्यामुळे या विषयाच्या इतिहासात जो घोटाळा झाला, त्याचे परिणाम अद्याप संपलेले नाहीत.

२

या घोटाळ्याचे उत्तम उदाहरण म्हणजे आल्फ्रेड रसेल वॉलेस. १८६६ साली त्याने डार्विनला आग्रहपूर्वक सुचविले की, ‘निवड’ या शब्दामुळे निसर्ग विचारपूर्वक निवडतो असा वाचकांचा ग्रह होतो. म्हणून हर्बर्ट स्पेन्सरने योजलेला ‘योग्यतमाचा टिकाव’ हा शब्दप्रयोग स्वीकारावा. डार्विनने तो १८६९ सालच्या पाचव्या आवृत्तीत स्वीकारला. वॉलेसचा हा आक्षेप भाषिकदृष्ट्या यथायोग्य होता. परंतु ज्याने निसर्गातील लाक्षणिक कर्ता काढून टाकला, त्यानेच पुढे मादीच्या रूपातील वास्तव कर्ताही काढून टाकला. १८८९ सालच्या आपल्या ग्रंथात वॉलेसने असे प्रतिपादन केले की, नराचा डौल हा त्याच्या जोमाचा आणि आरोग्याचा सहजोद्रेक आहे. मादीला रूपाची आवड असते असे मानण्यास पुरेसा आधार नाही.

सौंदर्याच्या उत्क्रांतीविषयीच्या पुढील सर्व चर्चेचे दोन प्रवाह येथेच फुटतात. डार्विनच्या मते रूप आवडते म्हणून टिकते. वॉलेसच्या मते त्यामागे जोम असतो म्हणून टिकते. पहिल्या मतात आवडीला स्वतंत्र कारणत्व आहे. दुसऱ्या मतात आवड ही केवळ मध्यस्थ असून खरी सत्ता उपयुक्ततेची आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मानवी रूपाविषयी जे संशोधन झाले त्यातील बहुतेक डार्विनचे नाव घेते, परंतु त्याची विचारपद्धती वॉलेसची आहे.

३

हे दोन पक्ष नीट समजून घेण्यासाठी भारतीय परंपरेतील दोन संज्ञा उपयोगी पडतात. न्यायवैशेषिक दर्शनांत ‘लिंग’ म्हणजे ज्यावरून अनुमान करायचे ते चिन्ह. धूर हे अग्नीचे लिंग होय, कारण धूर आणि अग्नी यांच्यात व्याप्ती आहे; अग्नीवाचून धूर संभवत नाही. त्याच नैयायिकांनी शब्द आणि अर्थ यांचा संबंध मात्र अशा स्वरूपाचा मानला नाही. तो संबंध संकेताचा आहे. ‘घट’ या ध्वनींत घटाचे काहीही नाही. अमुक समाजात अमुक शब्दाने अमुक अर्थ घ्यावा असे ठरले आहे, इतकेच. आधुनिक भाषाविज्ञानात फेर्दिनां द सोस्यूर याच्या १९१६ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहात चिन्हाच्या ज्या यादृच्छिकतेचे प्रतिपादन आहे, ती याच जातीची.

रूप हे लिंग आहे की संकेत, हाच वस्तुतः वादाचा मुद्दा आहे.

रोनल्ड फिशरने १९१५ सालच्या निबंधात आणि नंतर १९३० सालच्या ग्रंथात जी उपपत्ती मांडली ती रूपाला संकेत ठरविते. समजा, काही माद्यांना लांब शेपटीची आवड आहे. त्यांच्या पुत्रांना पित्याची शेपटी मिळेल आणि कन्यांना मातेची आवड. शेपटी आणि आवड यांची आनुवंशिक बीजे अशा रीतीने एकत्र येऊ लागली की, दोन्ही एकमेकांना ओढत पुढे जातात. शेपटीचा भार असह्य होईपर्यंत हा क्रम चालू राहतो. आरंभी शेपटीचा काही उपयोग असेलही; परंतु पुढे ती टिकते ती आवडते म्हणूनच. १९८१ साली रसेल लँडे आणि १९८२ साली मार्क कर्कपॅट्रिक यांनी या उपपत्तीला गणिती बैठक दिली.

याउलट इस्रायली प्राणिशास्त्रज्ञ अमोत्झ झहावी यांनी १९७५ साली मांडलेले तत्त्व रूपाला लिंग ठरविते. पिसारा बाळगणे महाग आहे, म्हणूनच तो विश्वसनीय आहे. दुबळ्या नराला तो खर्च पेलणार नाही. ज्याला पेलतो तो समर्थ असलाच पाहिजे. १९८२ साली हॅमिल्टन आणि झुक यांनी यात रोगप्रतिकाराची भर घातली: झळाळते पीस म्हणजे परोपजीवींपासून मुक्त असल्याची खूण. ॲलन ग्राफेनने १९९० साली गणिताने दाखविले की, असे प्रामाणिक चिन्ह उत्क्रांतीत स्थिर राहू शकते. परंतु स्थिर राहू शकते याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी ते तसेच आहे असा होत नाही, हे त्यानंतरच्या पुष्कळ लेखकांनी लक्षात घेतले नाही.

लिंगाचा दावा करणाऱ्यावर एक जबाबदारी येते. त्याला व्याप्ती सिद्ध करावी लागते, आणि त्या व्याप्तीत उपाधी लपलेली नाही हेही दाखवावे लागते. अग्नी असेल तेथे धूर असतोच, असे म्हणता येत नाही. धुराला ओले सरपण लागते आणि ते सरपण हीच उपाधी. या कसोटीवर मानवी रूपाविषयीचे प्रमुख दावे घासून पाहणे अगत्याचे आहे.

४

प्रथम पक्ष्यांकडे पाहू, कारण तेथे प्रयोग करता येतो. माल्टे अँडरसन यांनी १९८२ साली केनियातील लांब शेपटीच्या विडोबर्ड या पक्ष्यावर केलेला प्रयोग आदर्श मानला जातो. नराची शेपटी सुमारे अर्धा मीटर लांब असते. अँडरसन यांनी काही नरांच्या शेपट्या कापून आखूड केल्या आणि ते तुकडे इतर नरांच्या शेपटीला चिकटवून त्या अधिक लांब केल्या. लांब केलेल्या शेपटीच्या नरांच्या क्षेत्रात अधिक माद्यांनी घरटी केली. मादी निवडते, हा डार्विनचा मुद्दा येथे सिद्ध झाला आणि वॉलेसचा संशय निदान या पक्ष्यापुरता दूर झाला. मात्र ती का निवडते, या प्रश्नाला प्रयोगाने उत्तर मिळत नाही. लांबी हे लिंग असो वा संकेत, निष्पत्ती तीच आली असती.

मोराच्या बाबतीत तर पुरावाच दुभंगलेला आहे. इंग्लंडमधील व्हिप्सनेड येथे मॅरियन पेट्री यांना १९९१ साली असे आढळले की, पिसाऱ्यावर डोळे अधिक असलेल्या मोरांना समागमाची संधी अधिक मिळते. १९९४ साली त्यांनी असेही दाखविले की, अशा मोरांची पिल्ले अधिक वाढतात आणि अधिक जगतात. परंतु जपानमधील इझू येथे सात वर्षे केलेल्या निरीक्षणांवरून मारिको ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी २००८ साली असा निष्कर्ष काढला की, लांडोरी अधिक भरदार पिसाऱ्याची निवड करतात असे दिसत नाही. ज्या पक्ष्याने डार्विनला अस्वस्थ केले त्याच्या बाबतीतही हा प्रश्न निकाली निघालेला नाही. मग ज्या प्राण्यावर प्रयोग करता येत नाही, जो भाषा बोलतो आणि ज्याचे विवाह अनेकदा इतरच ठरवितात, त्याच्याविषयी किती जपून बोलायला हवे, हे सांगणे नलगे.

५

मानवी चेहऱ्याविषयीच्या संशोधनाचा आरंभ फ्रान्सिस गाल्टनपासून होतो. १८७८ साली त्याने अनेक व्यक्तींची छायाचित्रे एकाच काचेवर उतरवून संमिश्र चित्रे तयार केली. गुन्हेगारांचा एक विशिष्ट चेहरा सापडेल अशी त्याची अपेक्षा होती. सापडले ते उलटेच: संमिश्र चेहरा त्यातील प्रत्येक घटकचेहऱ्यापेक्षा अधिक देखणा निघाला. १९९० साली ज्युडिथ लँग्लॉइस आणि लोरी रॉगमन यांनी हाच प्रयोग संगणकावर केला. सोळा वा बत्तीस चेहऱ्यांची सरासरी काढून तयार केलेला चेहरा हा मूळ चेहऱ्यांहून सामान्यतः अधिक आकर्षक ठरला. सरासरी चेहरा म्हणजे विकृतीरहित वाढ, विकृतीरहित वाढ म्हणजे आरोग्य, अशी अनुमानाची साखळी त्यावरून लगेच तयार झाली.

मराठीत ‘नाकीडोळी नीटस’ हा जो शब्दप्रयोग आहे त्यातही हीच जाणीव आहे. नाक अमुक आकाराचे असावे असे तो सांगत नाही. सर्व काही बेताचे आणि जागच्या जागी असावे, एवढेच सांगतो. तेव्हा निरीक्षण खोटे नाही. प्रश्न त्यावरील अनुमानाचा आहे आणि येथे उपाधी सापडते. २००० साली हाल्बरस्टॅट आणि ऱ्होड्स यांनी कुत्री, पक्षी आणि मनगटी घड्याळे यांच्या चित्रांवर प्रयोग केले. तेथेही लोकांना सरासरीच्या जवळचा नमुना अधिक आवडला. मनगटी घड्याळाला प्रजननक्षमता नसते. यावरून संभवते असे की, जे मनातील नमुन्याशी जुळते ते सहज ओळखता येते आणि सहज ओळखता येते म्हणून आवडते. ही आवड मेंदूच्या ग्रहणपद्धतीतून आलेली असू शकते. ती आरोग्याचे लिंग असण्याची गरज नाही.

शिवाय सरासरी चेहरा हा सर्वांत सुंदर नव्हे. १९९४ साली पेरेट, मे आणि योशिकावा यांनी ब्रिटिश आणि जपानी चेहऱ्यांवर केलेल्या प्रयोगांत दाखविले की, सर्व चेहऱ्यांच्या सरासरीपेक्षा निवडक आकर्षक चेहऱ्यांची सरासरी अधिक आवडते, आणि त्या दोहोंतील फरक वाढवून दाखविला तर ती आणखी आवडते. येथे आवड सरासरीपासून दूर, एका विशिष्ट दिशेने ओढते, आणि फिशरच्या उपपत्तीत तेच अपेक्षित आहे.

व्याप्तीची थेट परीक्षा घेणारे अभ्यास थोडे आहेत, परंतु ते निर्णायक महत्त्वाचे आहेत. कॅलिक आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली, दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या अमेरिकन व्यक्तींच्या नोंदी घेऊन, तरुणपणीच्या चेहऱ्याच्या आकर्षकतेचा त्यांच्या आरोग्याशी संबंध तपासला. संबंध आढळला नाही. पाहणाऱ्यांनी मात्र आकर्षक व्यक्तींना निरोगी ठरविले आणि त्यामुळे त्यांचे अंदाज अधिकच चुकले. चेहऱ्याच्या दोन बाजूंच्या सममितीबद्दलही असेच घडले: साडेचार हजारांहून अधिक ब्रिटिश किशोरवयीनांच्या २०१४ सालच्या अभ्यासात असममिती आणि बालपणीचे आजार यांचा संबंध मिळाला नाही. हा नैयायिकांच्या भाषेत व्यभिचार होय. धूर दिसतो, परंतु अग्नी नाही. याचे प्रत्युत्तर असे दिले जाते की, आधुनिक वैद्यकामुळे जुनी व्याप्ती आज दिसत नाही. ते खरे असणे शक्य आहे. परंतु जी व्याप्ती आज दाखविता येत नाही आणि भूतकाळात तपासता येत नाही, तिला सिद्धान्त म्हणता येणार नाही.

६

शरीराकृतीविषयीचा सर्वांत प्रसिद्ध दावा देवेंद्र सिंग यांचा. मूळ भारतीय असलेल्या आणि टेक्सास विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या या मानसशास्त्रज्ञाने १९९३ साली स्त्रीदेहाची बारा रेखाचित्रे वापरली. वजनाचे तीन प्रकार होते आणि प्रत्येकात कंबर व नितंब यांच्या घेरांचे ०.७ ते १.० अशी चार प्रमाणे. पुरुषांनी सर्वाधिक पसंती सामान्य वजनाच्या आणि ०.७ प्रमाणाच्या चित्राला दिली. हे प्रमाण संप्रेरके आणि प्रजननक्षमता यांचे सूचक असल्याने ही आवड सर्व मानवांत समान असावी, असे प्रतिपादन त्यावर उभे राहिले.

येथेही उपाधी आहे. रेखाचित्रात कंबर बारीक केली की, चित्रातील स्त्री सडपातळही दिसते. प्रमाण आणि वजन ही दोन कारणे एकमेकांत मिसळतात. टॅसिनरी आणि हॅन्सन यांनी १९९८ साली ही दोन कारणे वेगळी करून पाहिली, तेव्हा मूळ निष्कर्ष डळमळला. त्यानंतर टोव्ही आणि सहकाऱ्यांनी खऱ्या स्त्रियांची छायाचित्रे वापरली. तेथे घेरांच्या प्रमाणापेक्षा उंचीच्या तुलनेतील वजनाने पसंतीचा फार मोठा भाग स्पष्ट झाला. सिंग यांच्या पुराव्यात अमेरिकन सौंदर्यस्पर्धांतील विजेत्या आणि एका मासिकातील नमुनास्त्रिया यांची मापेही होती. त्यांचे प्रमाण दशकानुदशके स्थिर राहिल्याचे वाङ्मयात वारंवार उद्धृत होत गेले. २००२ साली फ्रीस आणि मेलंड यांनी मूळ आकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्यांत विविधता आणि कालगत बदल दोन्ही आढळले. एका लेखकाने सावधपणे लिहिलेले वाक्य दुसरा निश्चयाने लिहितो आणि तिसरा त्याला नियमाचे रूप देतो. उद्धरणपरंपरेतील ही अर्थवृद्धी भाषाभ्यासकाला अपरिचित नाही.

सार्वत्रिकतेच्या दाव्याला खरे आव्हान मिळाले ते पेरूच्या अरण्यातून. डग्लस यू आणि ग्लेन शेपर्ड यांनी १९९८ साली मात्सिगेंका लोकांत हीच रेखाचित्रे दाखविली. बाह्य जगापासून सर्वांत दूर असलेल्या गावातील पुरुषांनी प्रथम वजनाकडे पाहिले, स्थूल देह पसंत केला, आणि कंबर-नितंबांचे प्रमाण अधिक असलेल्या आकृती निरोगी ठरविल्या. बाहेरच्या संस्कृतीशी संपर्क वाढला तसतशी इतर गटांची पसंती अमेरिकन पसंतीच्या जवळ सरकत गेली. टांझानियातील हाद्झा लोकांतही समोरून पाहिलेल्या आकृतींबाबत ०.७ ची आवड दिसली नाही. मात्र २००५ साली मार्लो आणि सहकाऱ्यांनी बाजूने काढलेल्या आकृती दाखविल्या, तेव्हा निराळे चित्र दिसले आणि मागचा भाग भरदार असलेल्या देहास पसंती मिळाली. म्हणजे जैविक आधार अजिबात नाही असेही म्हणता येत नाही. एवढेच म्हणता येते की, ०.७ हा आकडा मानवजातीचा नव्हे.

डार्विनला यात आश्चर्य वाटले नसते. १८७१ सालच्या ग्रंथात त्याने प्रवाशांचे वृत्तान्त गोळा करून स्पष्ट लिहिले आहे की, सर्व मानवांना समान असे सौंदर्याचे मानदंड नाहीत. प्रत्येक समाज आपल्या अंगचे विशेषच थोडे अतिशयित स्वरूपात पसंत करतो. मानवी वंशांतील बाह्य भेद अशाच आवडींतून निर्माण झाले असावेत, असा त्याचा कयास होता. त्याचे नाव घेऊन सार्वत्रिक मानदंड शोधला जातो, ही या विद्याशाखेतील एक विसंगती होय.

७

मानवाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती साधनाची. पक्ष्याची आवड कृतीतून दिसते. मानवाला प्रश्न विचारला जातो आणि प्रश्न शब्दांत असतो. डेव्हिड बस यांच्या १९८९ सालच्या सुप्रसिद्ध पाहणीत ३७ गटांतील दहा हजारांहून अधिक व्यक्तींनी जोडीदाराच्या गुणांना महत्त्वानुसार अंक दिले. सर्व गटांत स्त्रियांपेक्षा पुरुषांनी रूपाला अधिक महत्त्व दिले. ३७ पैकी ३४ गटांत हा फरक सांख्यिकीय कसोटीला उतरला. न उतरलेल्या तिघांत भारत होता.

या पाहणीत भाषांतराची काळजी घेतलेली होती. एकाने भाषांतर करावे, दुसऱ्याने ते मूळ भाषेत परत आणावे, तिसऱ्याने मतभेद मिटवावेत, अशी योजना होती. शिवाय स्त्री-पुरुष दोघांना सारखेच लागू पडणारे शब्द योजावेत, केवळ स्त्रीला वा केवळ पुरुषाला शोभणारे योजू नयेत, अशीही सूचना होती. हेतू स्तुत्य आहे. तथापि भाषेत जो भेद मुरलेला आहे तो सूचनेने पुसला जात नाही. मराठीचेच उदाहरण घेतले तर ‘लावण्यवती’ला पुल्लिंगी प्रतिरूप व्यवहारात नाही, ‘राजबिंडा’ पुरुषालाच शोभतो, ‘सुंदर’ हे विशेषण पुरुषाला क्वचितच लागते. उरतो तो ‘देखणा–देखणी’ हा जोडशब्द. त्यातही पुरुषाचे देखणेपण आणि स्त्रीचे देखणेपण यांचा आशय एक नाही. ‘शारीरिकदृष्ट्या आकर्षक’ असे लिंगनिरपेक्ष पद बनविता येते आणि ते इंग्रजीत बिनचूक परतही जाते. परंतु ते बिनचूक परत जाते याचे कारण ते मुळात इंग्रजीवरूनच घडविलेले आहे. उलट-भाषांतराने शब्दांची कोशगत समानता तपासली जाते. बोलणाऱ्याच्या मनातील अर्थक्षेत्र तपासले जात नाही.

हे अर्थक्षेत्र नगण्य नाही. ‘रूपाने डावा, पण गुणाने उजवा’ असे मराठी माणूस सहज बोलतो. या बोलण्यात रूप आणि गुण ही दोन स्वतंत्र खाती आहेत. एकातील तूट दुसऱ्यातून भरून निघू शकते. लिंगवादी उपपत्ती मात्र रूपाला गुणांचे प्रमाणपत्र मानते. लोकभाषेतील विभागणी बरोबरच असते असे नव्हे. परंतु प्रश्नावलीतील शब्दाने कोणत्या खात्याला स्पर्श केला हे संशोधकाला माहीत असले पाहिजे.

निवडणारा कोण, हाही प्रश्न तितकाच बिकट आहे. ‘वर’ हा शब्द ‘वृ’ म्हणजे निवडणे या धातूपासून आला आहे आणि ‘स्वयंवर’ या शब्दात निवडणारी वधू आहे. तरीही मराठी घरांत ‘वरसंशोधन’ दीर्घकाळ वडील माणसेच करीत आली. मेनेलाओस अपोस्तोलू यांनी २००७ साली शिकारी-संकलक समाजांच्या वृत्तान्तांवरून दाखविले की, विवाह आईबापांनी वा आप्तांनी ठरविणे ही तेथेही सर्वाधिक आढळणारी रीत आहे. मानवी वंशाच्या इतिहासात रूपावर निवडीचा दाब पडला असेल तर तो कोणाच्या डोळ्यांतून पडला, याचा विचार केल्यावाचून तरुण विद्यार्थ्यांनी चित्रांना दिलेल्या अंकांवरून आदिमानवाविषयी निष्कर्ष काढणे साहसाचे ठरते.

८

या पार्श्वभूमीवर येल विद्यापीठातील पक्षिविज्ञ रिचर्ड प्रम यांच्या २०१७ सालच्या सौंदर्याच्या उत्क्रांतीवरील ग्रंथाचे स्वागत केले पाहिजे. डार्विनचा विस्मृतीत गेलेला पक्ष त्यांनी पुन्हा उभा केला. रूप हे संकेत आहे असे गृहीत धरून आरंभ करावा आणि ते लिंग आहे असे म्हणणाऱ्याने प्रत्येक ठिकाणी पुरावा द्यावा, असा त्यांचा आग्रह आहे. त्यांचा पुरावाही मोलाचा आहे. दक्षिण अमेरिकेतील एका मॅनाकिन पक्ष्याचा नर पंखांच्या पिसांनी नाद निर्माण करतो. त्यासाठी त्याच्या पंखातील जे हाड पोकळ असायला हवे ते भरीव झाले आहे. प्रम यांच्या मते हा बदल काही अंशी मादीतही उतरला आहे, जी हा नाद कधीच करीत नाही. आवडीने येथे उपयुक्तता वाढविली नाही, उलट तिचा बळी दिला.

परंतु मानवाविषयीच्या प्रकरणांत प्रम आपल्याच कसोटीला सोडून जातात. पुरुषांचे सुळे लहान होणे, त्यांची आक्रमकता कमी होणे यांसारखे बदल स्त्रियांच्या निवडीमुळे घडले, असे ते सुचवितात. कल्पना आकर्षक आहे आणि स्त्रीच्या स्वातंत्र्याला उत्क्रांतीत स्थान देणारी म्हणून सहृदय वाचकाला ती पटावीशी वाटते. तथापि ज्या पुराव्याची मागणी ते प्रतिपक्षाकडे करतात तो येथे त्यांच्यापाशी नाही.

दुसरा दोष अधिक मूलगामी आहे. यादृच्छिक म्हणजे मूळ आणि सप्रयोजन म्हणजे नंतरचे, अशी सरळ वाटणी प्रम करतात. भाषेचा अनुभव निराळा आहे. सोस्यूरनेच पूर्ण यादृच्छिक आणि सापेक्षतः प्रेरित अशी चिन्हांची प्रतवारी मान्य केली होती. ‘पाच’ आणि ‘पन्नास’ या शब्दांतील नाते पूर्ण यादृच्छिक नाही. रूपाचेही तसेच असावे: काही भाग आरोग्याला जोडलेला, काही ज्ञानेंद्रियांच्या ठेवणीतून आलेला, काही निव्वळ आवडीने वाढलेला, आणि मानवात तर फार मोठा भाग शिकलेला. आवड शिकता येते हे माशांतही दिसते. ली डुगाटकिन यांनी १९९२ साली दाखविले की, गप्पी माशाची मादी दुसऱ्या मादीची निवड पाहून तिचे अनुकरण करते. मात्सिगेंका गावांतील पसंतीतील क्रमिक फरक जनुकांनी घडविलेला नाही. तो एखाद्या शब्दासारखा गावोगाव पसरला आहे. जनुकीय संकेत आणि सामाजिक संकेत या दोन परंपरा मानवी रूपात एकमेकींवर चढलेल्या आहेत आणि प्रम यांच्या ग्रंथात दुसरीला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही.

९

हा वाद केवळ शास्त्रज्ञांच्या घरातला नाही. गाल्टनने १८८३ साली सुप्रजननाची संज्ञा घडविली. त्याच गाल्टनने ब्रिटनमधील निरनिराळ्या नगरांत दिसणाऱ्या स्त्रियांची सुंदर, मध्यम आणि कुरूप अशी गुपचूप मोजणी करून लंडनला पहिला आणि ॲबर्डीनला शेवटचा क्रमांक दिला. रूप हे जोमाचे लिंग आहे असे एकदा धरले की, कुरूप हा रोगी, आणि रोगी हा वंशाला अपायकारक, ही पुढची पायरी फार दूर राहत नाही. आपल्याकडील विवाहविषयक जाहिरातींतील ‘गोरी’ या शब्दामागे जात, वर्ग आणि राज्यकर्त्यांची प्रतिष्ठा यांचा इतिहास उभा आहे. त्या शब्दाला प्रजननक्षमतेचे शास्त्रीय पाठबळ देणे म्हणजे संकेताला लिंग म्हणून खपविणे होय.

निष्कर्षाच्या रूपाने म्हणायचे तर एवढे निश्चित दिसते. प्राण्यांत आवडीने निवड होते आणि त्या निवडीने रूप घडते, हा डार्विनचा मूळ विचार टिकला आहे. मानवाला काही आकृती इतर आकृतींहून सहजपणे आवडतात, हेही खरे. दोन-तीन महिन्यांची बालकेसुद्धा मोठ्यांनी सुंदर ठरविलेल्या चेहऱ्यांकडे अधिक वेळ पाहतात, हे लँग्लॉइस यांनी १९८७ सालीच दाखविले होते. परंतु या आवडीमागे आरोग्याची व्याप्ती आहे, हा दावा चेहऱ्याबाबत प्रत्यक्ष तपासणीत उतरला नाही आणि शरीराबाबत त्यात उपाधी सापडली. वॉलेसने सृष्टीतून कर्ता हद्दपार केला, त्याचे आजचे अनुयायी आवडीचे कारणत्व हद्दपार करू पाहतात. पाहणाऱ्याची आवड ही स्वतःच कारण असू शकते, ती शिकलेली असू शकते आणि म्हणून ती बदलूही शकते, ही शक्यता खुली ठेवणे हेच या घडीला शास्त्रीय ठरेल.